निजेला धोंडा

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण मराठी माणूस लहानपणी केव्हा तरी ऐकतो आणि पुढे तिचा विचार करणे सोडून देतो. भूक खरी असेल तर कोंडाही गोड लागतो, झोप खरी असेल तर दगडाचीही उशी होते, असा तिचा सरळ अर्थ. सुखलोलुपतेला आणि चोखंदळपणाला मारलेला हा टोला आहे आणि त्या मर्यादेत तो रास्तही आहे. गादीवर तळमळणारा धनिक आणि बांधावर डोके टेकताच घोरू लागणारा सालगडी ही जोडी आपल्या गोष्टींतून जागोजाग भेटते. तथापि, म्हण कोण कोणाला ऐकवतो यावर तिचा अर्थ बदलतो. स्वतः दमलेला माणूस ती म्हणतो तेव्हा तिच्यात समाधान असते. दुसऱ्याच्या दमणुकीवर ज्याचे चालते तो ती म्हणू लागला, की तिच्यातून एक सोयीस्कर सिद्धांत निघतो : कष्टकऱ्याला झोप आपोआप लागते, तिची काळजी वाहण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखात या सिद्धांताचा विचार करायचा आहे. शांत झोप लागणे आणि ताजेतवाने होऊन उठणे ही ज्याची त्याची खासगी कमाई आहे, की माणसे ती एकमेकांना देत असतात, असा हा प्रश्न आहे.

मला तो प्रथम भिलाईत पडला, आणि तोही त्याचे स्वरूप कळण्याच्या फार आधी. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानुसार तेथे पोलादाचा कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशातील दुर्ग जिल्ह्यात होती. छत्तीसगड राज्य व्हायला २००० साल उजाडावे लागले. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या मुलखाचा मराठीशी संबंध असल्यामुळे विदर्भातून येणाऱ्याला तो अगदी परका वाटत नसे. माझे वडील वर्धा जिल्ह्यातून त्याच सुमारास तेथे गेले आणि पाळीच्या कामावर लागले. शेजारी तेलुगू, बंगाली, मलयाळी, पंजाबी, छत्तीसगढी अशी बिऱ्हाडे होती. भाषा निराळ्या, स्वयंपाक निराळे, पण सर्व घरांना एकच घड्याळ होते आणि ते भट्टीच्या मालकीचे होते.

झोतभट्टीचा स्वभाव ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द लिहितो. ही भट्टी चुलीसारखी संध्याकाळी विझवून सकाळी पेटवता येत नाही. एकदा पेटली की ती वर्षानुवर्षे अखंड चालते. वरून खनिज, कोक आणि चुनखडी पडत राहते, खालून तापलेल्या हवेचा झोत वर चढत राहतो आणि ठरावीक अंतराने तळाशी साचलेला रस बाहेर काढावा लागतो. ती अवेळी थंड झाली तर आतले सारे थिजून बसते. म्हणजे कोणी तरी सदैव जागे असावे लागते. त्या शहराच्या पायाशीच ही अट होती आणि तिच्यापायी दिवसाचे तीन तुकडे झाले : सकाळची पाळी, दुपारची पाळी आणि रातपाळी. रात्री मळी ओतली जाई तेव्हा क्षितिज तांबडे होई. अंगणात बाजेवर पडून आम्ही मुले ते पाहत असू आणि पाहता पाहता झोपी जात असू.

वडिलांच्या रातपाळीच्या आठवड्यात आमच्या घराचा दिवस रात्रीसारखा होई. आई खिडक्यांना जाड सतरंज्या लावी, दाराची कडी चिंधीने गुंडाळी, भांडी मागच्या अंगणात नेऊन घाशी. ‘हळू रे, बाबा निजलेत,’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की माझ्या बालपणाचे ते पालुपदच म्हणता येईल. एवढे करूनही वडिलांची झोप चार-पाच तासांपलीकडे जात नसे. उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे भिजवले तरी भिंती तापत, रस्त्यावर भाजीवाला ओरडे, कोणाचा तरी पाहुणा दार ठोठावी. दुपारी ते उठून बसत ते उठल्यासारखे दिसतच नसत. काही वेळ समोरच्या भिंतीकडे पाहत राहत. शाळेत एकदा ‘मेरे पिताजी’ या विषयावर निबंध लिहायला सांगितला होता. ‘मेरे पिताजी दिन भर सोते हैं’ असे मी पहिलेच वाक्य लिहिले. वर्गात हशा पिकला. वही घरी आली तेव्हा वडिलांनी निबंध वाचला, एका शब्दाची ऱ्हस्व वेलांटी दीर्घ केली आणि ‘खरं लिहिलंस,’ एवढेच म्हणाले. त्या वाक्यातले असत्य मला कळायला पुढे पुष्कळ वर्षे लागली. दिवसा निजणारा माणूस आळशी, हे मला कोणी शिकवले नव्हते. ते माझ्या आसपासच्या भाषेतच होते.

आपल्या परंपरेत निद्रेविषयी दोन वृत्ती दिसतात आणि त्यांची सरमिसळ झाल्यामुळे पुष्कळ घोटाळा होतो. पहिली वृत्ती वैद्यकाची. चरकसंहिता आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ मानते. सुख-दुःख, पुष्टी-कृशता, बल-दौर्बल्य, किंबहुना जगणे-मरणेही ती निद्रेच्या स्वाधीन करते. एरवी दिवसा झोपण्याचा निषेध करणारा हा ग्रंथ कोणाकोणाला ती मुभा द्यावी याची यादी देतो आणि तीत ओझी वाहून, काम करून, जागून थकलेल्यांचा समावेश करतो. वाग्भट तर याहून नेमके सांगतो. रात्री जितका वेळ जागरण घडले असेल त्याच्या निम्मा वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी, जेवणापूर्वी, झोप घ्यावी, असे त्याचे मत आहे. प्राचीन वैद्याने जागणाऱ्याचा हिशेब असा मांडून ठेवला होता.

दुसरी वृत्ती साधकाची. तिच्या दृष्टीने निद्रा ही तमोगुणाची संतान, आयुष्याचा निम्मा भाग चोरणारी. अर्जुनाला ‘गुडाकेश’ म्हणजे निद्रेला जिंकणारा म्हणून गौरवले गेले. दासबोधाच्या अठराव्या दशकात समर्थांनी निद्रानिरूपणाला एक संपूर्ण समास दिला आहे आणि जांभया, घोरणे, झोपेतले बरळणे यांचे इतके बारीक निरीक्षण केले आहे, की वाचताना हसू आवरत नाही. एकादशीचा जागर, गोंधळ, कोजागरीची रात्र यांतून आपण जागरणाला पुण्याचे रूप दिले. गीतेने मात्र सहाव्या अध्यायात मध्यममार्ग सांगितला : अति झोपणाऱ्याला योग साधत नाही आणि अति जागणाऱ्यालाही साधत नाही.

या दोन्ही वृत्ती आपापल्या जागी योग्य आहेत. साधकाचे जागरण हे स्वेच्छेचे जागरण आहे. वारकरी रात्रभर कीर्तनात उभा राहतो तेव्हा ती रात्र त्याची स्वतःची असते आणि त्याने ती कोणाला तरी अर्पण केलेली असते. ज्याची रात्र त्याची नाहीच, तो अर्पण काय करणार? स्वेच्छेच्या जागरणासाठी तयार झालेली प्रतिष्ठा आणि निद्रेविषयीची तुच्छता आपण नकळत लादलेल्या जागरणालाही लावतो, तेव्हा अन्याय घडतो. कोजागरीच्या रात्री लक्ष्मी ‘कोण जागे आहे?’ असे विचारत फिरते आणि जागणाऱ्याला संपत्ती देते, अशी श्रद्धा आहे. वर्षातील उरलेल्या रात्री जे जागतात त्यांची विचारपूस करायला कोण येते?

आज निद्रेचे शास्त्र बरेच पुढे गेले आहे. शरीरातील दैनंदिन घड्याळ पेशींमध्ये कसे चालते याच्या संशोधनासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जागेपणी साठत जाणारा थकवा आणि उजेड-अंधाराशी जुळलेले हे घड्याळ, या दोहोंचा मेळ बसला म्हणजे झोप गाढ लागते आणि सकाळी हुशारी वाटते. पहाटे शरीराचे तापमान सर्वांत खाली असते आणि त्या वेळी जागणाऱ्याला आपल्याच देहाविरुद्ध उभे राहावे लागते. सकाळी उन्हात घरी परतून अंथरुणावर पडणाऱ्याला घड्याळ जागे करू पाहत असते. म्हणून दिवसाची झोप रात्रीपेक्षा तोकडी आणि विरविरीत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली आणि पुन्हा २०१९ साली रातपाळीच्या कामाची गणना ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात केली. वडिलांचे ते भिंतीकडे पाहत बसणे या शास्त्राच्या उजेडात मला नव्याने दिसते.

या शास्त्राने दिलेला उपदेश आता सर्वतोमुखी झाला आहे. रोज एकाच वेळी उठावे, सकाळी उजेडात जावे, खोली अंधारी, शांत आणि थंड ठेवावी, संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळावी. उपदेश खरा आहे आणि ज्याला जमेल त्याने तो अवश्य पाळावा. परंतु त्यातील प्रत्येक वाक्याच्या मागे एक अध्याहृत गृहीतक आहे : ऐकणारा आपल्या वेळेचा, आपल्या खोलीचा आणि आपल्या गल्लीतील शांततेचा मालक आहे. ज्याची पाळी दर आठवड्याला फिरते त्याला ‘रोज एकाच वेळी उठा’ हे कसे सांगावे? मुंबईच्या गिरणगावात एका खोलीत इतके कामगार राहत, की दिवसपाळीचे लोक कामावर गेले की रातपाळीचे त्याच जागेवर पथारी टाकत. तेथे ‘खोली शांत ठेवा’ हा उपदेश कोणाला उद्देशून करायचा? झोपेचे गुण वाढवण्याचा प्रश्न वैयक्तिक सवयीचा म्हणून सुरू होतो आणि दोन पावलांवर तो न्यायाचा होतो.

हे ज्यांनी फार पूर्वी ओळखले त्यांत नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आधी घ्यावे लागते. सत्यशोधक परंपरेतील या ‘दीनबंधु’कारांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केले आणि त्यांच्या मागण्यांच्या अर्जावर पाच हजारांहून अधिक कामगारांनी सह्या केल्या. आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, या त्यांतील प्रमुख मागण्या होत्या. मजुरीइतकेच महत्त्व विश्रांतीला देणारा तो अर्ज होता. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. त्यानंतर विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची मर्यादाच नाहीशी झाली. दिव्याखाली गिरण्या रात्रीपर्यंत चालू लागल्या. मग कायद्याला मागोमाग जावे लागले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांचे काम दिवसाला १२ तासांवर आणले, १९२२ च्या कायद्याने ११ तासांवर, १९३४ च्या कायद्याने १० तासांवर, १९४८ च्या कायद्याने ९ तासांवर आणि आठवड्याला ४८ तासांवर.

या १९४८ च्या कारखाने अधिनियमात एक छोटे कलम होते. ज्याची पाळी मध्यरात्रीपलीकडे जाते त्याच्यासाठी ‘सुटीचा दिवस’ म्हणजे त्याची पाळी संपल्यापासूनचे सलग चोवीस तास, असे त्यात म्हटले होते. साहित्याच्या अभ्यासकाने हे कलम मुद्दाम वाचावे, असे मला वाटते. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, घड्याळाचा मध्यरात्री. या कलमाने एका माणसापुरता दिवस तेथून मोजला, जेथून तो माणूस मोकळा होतो. एखाद्याच्या थकव्याला मान देऊन काळाची व्याख्या बदलण्याचे हे उदाहरण मला अनेक कवितांहून काव्यमय वाटते.

विश्रांतीला वेळ लागतो, जागा लागते, शांतता लागते. पण या सर्वांच्या आधी विश्वास लागतो. झोपलेला माणूस पूर्णपणे दुसऱ्यांच्या हवाली असतो. महाभारताने हे सौप्तिकपर्वात दाखवले आहे. युद्ध संपले आहे, वटवृक्षाखाली कृपाचार्य आणि कृतवर्मा झोपी गेले आहेत आणि अश्वत्थामा एकटा जागा आहे. झोपलेल्या कावळ्यांना मारणारे घुबड तो पाहतो आणि त्याला मार्ग सुचतो. जागे केल्यावर कृपाचार्य त्याला सांगतात, की आज रात्र झोप घे, विसावा घे, सकाळी लढ. निजलेल्यांचा वध धर्माला संमत नाही. अश्वत्थामा उत्तर देतो, की दुःखाने व्याकुळ झालेल्याला, संतापलेल्याला, धनाची विवंचना करणाऱ्याला आणि कामातुराला झोप कोठली? त्याचे निदान अचूक आहे आणि तरीही निर्णय पापमय आहे. अठरा दिवसांच्या युद्धात नियम पुष्कळ मोडले गेले. पण त्या रात्रीच्या कृत्यावर महाकाव्याने जो शाप ठेवला तो अखेरपर्यंत उतरला नाही.

भिलाईत या पर्वाची आठवण व्हावी अशी एक रात्र आहे. शंकर गुहा नियोगी तरुणपणी याच भिलाईत पोलाद कारखान्याच्या कोक भट्टीवर कामगार होते. पुढे १९७७ पासून दल्ली राजहराच्या लोहखाणीतील कामगारांची संघटना त्यांनी बांधली. दारूविरुद्ध मोहीम काढली. दिवसभराचा थकवा दारूने विसरणे ही झोपेची नक्कल आहे, हे त्या मोहिमेतून खाणकामगारांच्या घरांना उमगले असावे. कामगारांच्या वर्गणीतून आणि श्रमातून १९८३ साली शहीद रुग्णालय उभे राहिले. नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास ते भिलाईच्या खासगी कारखान्यांतील कंत्राटी कामगारांसाठी लढत होते. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे, आपल्या घरी झोपलेले असताना, त्यांना गोळी घालण्यात आली. खटला पुढे वर्षानुवर्षे चालला. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने गोळी झाडणाऱ्याला जन्मठेप दिली आणि इतर आरोपी सुटले. त्या सकाळी शहराने काय गमावले याचा राजकीय हिशेब इतरांनी केला आहे. मला इतकेच म्हणायचे आहे, की झोपलेल्या माणसावरचा वार हा एका माणसापुरता राहत नाही. त्या रात्रीनंतर किती घरांतून खिडक्या लावून घेतल्या गेल्या असतील आणि किती जण सकाळी न विसावता उठले असतील, हे कोणत्याही निकालपत्रात येत नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. आपण झोपतो तेव्हा कोणी तरी जागत असतोच : भट्टीवर, वीजकेंद्रात, रुग्णालयात, रुळांवर. त्याचा विचार करून मी तळमळत राहिलो तर त्या जागणाऱ्याला काय मिळाले? एकाची झोप गेली होती, आता दोघांची गेली. भिलाईपासून थोड्याच अंतरावर राजनांदगावला १९५८ पासून आयुष्याच्या अखेरच्या वर्षांपर्यंत गजानन माधव मुक्तिबोध राहिले. घरची भाषा मराठी आणि लेखनाची हिंदी असलेल्या या कवीने ‘अंधेरे में’ ही दीर्घ कविता लिहिली. तिच्यातील निवेदक रात्री शहरातून निघालेली प्रतिष्ठितांची मिरवणूक पाहतो आणि पाहिले म्हणून अपराधी ठरतो. मध्यमवर्गीय विवेकाचे जागरण इतक्या भेदकपणे क्वचितच कोणी मांडले असेल. परंतु ते कवीचे जागरण आहे. त्याचे फळ कविता. आपल्यासारख्या सामान्य वाचकाने त्याची नक्कल करून निद्रानाश ओढवून घेणे यात पुण्य नाही. कदाचित थोडा आत्मगौरवच असेल.

तेव्हा झोपावे. निःशंक झोपावे. फक्त ती झोप ऋणाची आहे, हे ओळखावे. शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी आणि पितर यांच्या प्रसिद्ध ऋणांबरोबर चौथे मनुष्यऋणही सांगितले आहे आणि माणसांना आसरा व अन्न देऊन ते फेडायचे आहे. आसरा म्हणजे शेवटी निजायला जागा. हे ऋण अपराधभावनेने फिटत नाही, व्यवस्थेने फिटते. पाळी फिरवायचीच तर ती सकाळकडून दुपारकडे आणि दुपारकडून रात्रीकडे फिरवावी, शरीराला तो क्रम सोसतो. सलग रात्रींनंतर पुरेशी मोकळीक ठेवावी. दुसरी नोकरी करावी लागणार नाही इतके वेतन द्यावे. दिवसा निजणाऱ्याच्या दारावरून जाताना आवाज खाली आणावा. आणि निवाडा करताना जीभ आवरावी. आपल्या गृहसंस्थेच्या फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बारा तास बसणाऱ्या चौकीदाराचा पहाटे डोळा लागला, की आपण सभेत तक्रार करतो. तो दिवसा कोठे झोपतो, झोपतो की नाही, हे त्या सभेत कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. मीही विचारलेले नाही. ‘निजेला धोंडा’ ही म्हण आपण उच्चारत नाही. आपण तिच्याप्रमाणे वागतो.

बृहदारण्यक उपनिषदात गाढ निद्रेचे एक वर्णन आहे. त्या अवस्थेत पिता पिता राहत नाही, चोर चोर राहत नाही, चांडाळ चांडाळ राहत नाही. माणसामाणसांतील सारे भेद तेथे गळून पडतात. या वर्णनाने मी तरुणपणी भारावून गेलो होतो. आज त्याला एक पुस्ती जोडावीशी वाटते. झोपेच्या आत समता असेल. तिच्या उंबरठ्यावर मात्र नाही. त्या अवस्थेपर्यंत कोणाला पोहोचू द्यायचे, कितीदा आणि किती वेळ, हे जागेपणीच्या जगात ठरते. उपनिषदाने आतले सत्य सांगितले. बाहेरचे काम आपल्याकडे राहिले आहे.

वडील निवृत्त झाल्यानंतरही कित्येक वर्षे रात्री दोन-अडीचच्या सुमारास उठून बसत. अंगणात येत, तांबड्या क्षितिजाकडे पाहत, घोटभर पाणी पीत. आई आतून म्हणायची, ‘अहो, निजा आता, तुमची पाळी संपली.’ ते ‘हो’ म्हणत आणि बसून राहत. मी तेव्हा महाविद्यालयात शिकवू लागलो होतो, सुटीत घरी येत असे आणि त्या दोघांचे बोलणे अंथरुणात पडून ऐकत असे. मग मला पुन्हा झोप लागे. ती झोप गाढ असे आणि सकाळी मी ताजातवाना उठत असे. निबंधातले ते पहिले वाक्य मी त्यांच्यासमोर कधी दुरुस्त केले नाही. त्यांनी फक्त वेलांटी सुधारली होती. उरलेली दुरुस्ती माझ्याकडे होती.